वजन घेऊन चाललीच आहेस तर...

ऑगस्टमध्ये हिमाचलमधल्या हम्प्ता पासच्या ट्रेकला जायचं नक्की झालं आणि ग्रुपवर तयारीचा तक्ता आला. चाला, जिने चढा, श्वासाचे व्यायाम करा वगैरे ठीक आहे, पण त्यात एक ओळ होती की सॅकमध्ये वजन भरून चालायची सवय करा, हळूहळू आठ-दहा किलोपर्यंत न्या. वाचायला सोपंय हो. पण कोथरूडमधून एक बाई पाठीवर आठ किलो घेऊन विनाकारण चाललीय आणि तिला कोणी काही विचारलं नाही, असं पुण्यात होतं का कधी?

मुळात भरायचं काय हाच प्रश्न. डंबेल्स तळाशी जाऊन कमरेला टोचतात, पुस्तकांचे कोपरे लागतात. शेवटी गहू भरले, गहू कसे पाठीला छान पसरून बसतात. चपला घालतेय तोवर सासूबाई आतून, "अगं, गहू घेऊन चाललीच आहेस तर गिरणीत टाक की. आणि जरा जाडसर दळ म्हणावं, मागच्या वेळी मैदा करून दिला त्याने." झालं, जाताना आठ किलो, येताना रिकामी सॅक. संध्याकाळी दळण आणायला परत सॅक लावून गेले तर गिरणीवाला म्हणतो, "काय मॅडम, गाडी बंद पडली का?"

त्यानंतर घरात कुणीच माझ्याकडे माणूस म्हणून बघेना. रद्दी साठली, दे हिच्या सॅकमध्ये. खालच्या मजल्यावरच्या काकूंना नारळ हवेत, "तू नाहीतरी वजन शोधतच असतेस ना?" शोधत असते म्हणजे काय, मला काय वजनाची हौस आहे?

जिन्याचं वेगळंच. चढताना दम लागतो पण गुडघे बोलायला लागतात ते उतरताना, कारण उतरताना दर पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अख्खं वजन थोपवून धरतात. म्हणून लिफ्टला हात न लावता वर-खाली, वर-खाली. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींना फोनवर फोन, लिफ्ट बंद आहे का, मेंटेनन्स कशाला भरतो आम्ही. त्यांनी मला जिन्यात गाठून अगदी नम्रपणे विचारलं, "वहिनी, तुम्ही पहाटे करू शकाल का हे?"

मग मी वेताळ टेकडी धरली. तिथे आयडिया अशी की पाण्याच्या बाटल्या भरून चढायचं आणि उतरायच्या आधी पाणी ओतून टाकायचं, म्हणजे गुडघे वाचतात. मी बाटली उपडी करणार एवढ्यात मागून आवाज आला, "अहो थांबा, तिथे नको!" एक आजोबा. हातात पाच लिटरचा कॅन, कानटोपी. त्यांनी मला पार पलीकडे नेलं आणि एका कडुनिंबाच्या रोपापाशी उभं केलं. "इथे. बुंध्यावर नाही, आळ्यात. हळू." मी हळू ओतलं. "रोज येता ना? मग उद्यापासून शेजारचा बहावापण तुमच्याकडे." आता पाऊस लागला तरी चुकवायची सोय नाही, ते पलीकडून बघत असतात.

नवऱ्याने मात्र बसल्या जागी हिशेब केला. वेताळ टेकडी साधारण 2600 फूट, सिंहगड 4300, हम्प्ता पास 14000. म्हणजे तीन सिंहगड एकावर एक ठेवले तरी वर हजारभर फूट उरतातच. शिवाय तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के, ऑक्सिजनचं प्रमाण तेच 21 टक्के पण हवाच विरळ. डॉक्टर म्हणाले याची तयारी पुण्यात बसून होत नाही, तिथे हळू चढायचं, पाणी पीत राहायचं आणि डोकं दुखलं तर लपवायचं नाही. सासूबाई म्हणाल्या कापूर ने. कापूर सॅकमध्ये गेला.

मानसिक तयारी म्हणजे खरं सांगायचं तर टॉयलेट टेंट. एक खड्डा, बाजूला मातीचा ढीग, त्यात खुरपं, आणि हमखास अडकणारी चेन. पहाटेच्या थंडीत, आदल्या दिवशीच्या उतरणीने दुखणाऱ्या मांड्या घेऊन उकिडवं बसायचं आणि मुख्य म्हणजे परत उठायचं. मी घरी रोज भिंतीला न धरता उकिडवं बसायची प्रॅक्टिस करते, लेक त्याचे व्हिडिओ काढते. चार दिवस आंघोळ नाही म्हटल्यावर नवरा म्हणाला, ही तयारी मला करायला लागणार नाही. तो येतच नाहीये, हा भाग वेगळा.

आता पॅकिंग चालू आहे. जड सामान पाठीलगत मधोमध, कमरेचा पट्टा हाडावर घट्ट, म्हणजे बहुतेक भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो, हे सगळं मला पाठ झालंय. मी टूथपेस्टचीसुद्धा छोटी ट्यूब घेतली आणि पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात सॅक फुगली. लसणाची चटणी, मेतकूट, शंकरपाळे, आणि काचेच्या बरणीत, हो काचेच्या, लिंबाचं लोणचं.

"आई, अहो डोंगर चढायचाय!"

"मग? खाऊन संपेल ना ते. येताना सॅक रिकामीच असेल, तिकडचा राजमा चांगला असतो म्हणतात, चार किलो आण. आणि खालच्या काकूंना पण दोन."