सहा चाळीसची व्हॅन

गेल्या दिवाळीत बडोद्याला गेले तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, दारामागे, जमिनीपासून अडीच फुटांवर मी एक खुंटी ठोकली. भाच्याने शाळेतून आल्यावर दप्तर स्वतः अडकवावं म्हणून. आई म्हणाली, "भिंतीला भोकं पाडायला जर्मनीहून आलीस का गं?" वहिनी काहीच बोलली नाही. ती एका हाताने पोळी उलटत होती आणि दुसऱ्या हाताने त्याला वरणभात भरवत होती.

भाचा पाच वर्षांचा. जन्म जूनअखेरचा, म्हणजे नियमाच्या नेमका पलीकडे. गुजरातेत २०२३-२४ पासून १ जूनला सहा पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत प्रवेश नाही. काही पालक हायकोर्टात गेले, तिथे हरले. घराघरातला वाद मात्र चालूच आहे. "पोराचं वर्ष फुकट गेलं," हे दादाचं म्हणणं. उपाय म्हणून त्याने संध्याकाळची ट्यूशन लावून टाकली. त्या वर्षात पोराला स्वतःची बटणं लावता आली, स्वतःच्या हाताने सांडत का होईना जेवता आलं, तर फुकट कसं? असं मी घरच्या ग्रुपवर लिहिलं. मावशीचं उत्तर आलं: "तिकडे आजी नसते म्हणून पोरं स्वतः करतात. आमच्याकडे माणसं आहेत."

टोचलं. निम्मं खरं होतं म्हणून जास्तच.

लाइपझिगला माझी लेक किटामध्ये जाते. किटा म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. पहिल्या हिवाळ्यात मी रोज दारात तिला जॅकेट चढवायचे. एक दिवस तिथल्या बाईंनी मला थांबवलं आणि तिला शिकवलं: जॅकेट उघडून जमिनीवर पसरायचं, अस्तर वर, टोपी आपल्या पायाशी. वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि हात वर करून सगळं डोक्यावरून मागे टाकायचं. जॅकेट अंगात! लेक तेव्हा तीन वर्षांची होती. चिखलातली विजार, बूट, टोपी असं करत पूर्ण वर्ग बाहेर पडायला वीस मिनिटं लागतात, आणि त्या वीस मिनिटांत कुणीही "चल, आण इकडे" म्हणत नाही.

पण स्वतः कर म्हणजे तुझं तू बघ, असंही नाही. दात लेक घासते, त्यानंतर मी पुन्हा घासते. इथले दंतवैद्य सांगतात, मूल सराईत लिहायला लागेपर्यंत मोठ्यांनी मागून एक हात फिरवायचाच. मावशीला हे पटलं असतं.

मावशीचं खरं कुठे, तेही सांगते. मागच्या वर्षी नवऱ्याला आणि मला एकदमच ताप आला. लेकीने तीन दिवस ब्रेड आणि काकडी खाल्ली. बडोद्याला असते तर वरच्या मजल्यावरच्या काकूंची खिचडी न सांगता आली असती. इथे शेजाऱ्याऐवजी कायदा येतो. मूल आजारी पडलं तर २०२५ साली आई-बाप दोघांनाही प्रत्येकी पंधरा दिवसांची भरपाईसह रजा. आणि आई थकली तर मुटर-किंड-कुर: मुलासकट तीन आठवडे आरामाला आणि उपचाराला जायचं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. खर्च विमा उचलतो, आपण दिवसाला दहा युरो. माझा पहिला अर्ज विमा कंपनीने नाकारला, हरकत घेतल्यावर मंजूर केला. आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. "म्हणजे तुला नेमकं झालंय काय?" काही झालेलं नाही, थकले आहे, हे तिला कितीदा सांगितलं. आमच्याकडे थकणं हे आजारपणात धरत नाहीत, आणि आजारपणाशिवाय बसायची सोय नाही.

खरी अडचण तिथे आहे. वहिनी भरवते ती लाडाने, हे मला मान्य नाही. व्हॅन सहा चाळीसला येते. ती साडेपाचला उठून तीन डबे भरते आणि अर्ध्या झोपेतल्या पोराला कपडे चढवते, कारण त्याने स्वतः चढवले तर व्हॅन जाईल. पोराचे हात काढून घेते ती घाई. आणि आजी, मावशी, काकू अशी "माणसं" घरात असूनही सकाळच्या त्या तासात ओट्याशी एकटी वहिनीच असते. दादा चाळिशीला आला, पाण्याचा ग्लास अजून जागेवर मागतो. स्वावलंबनाचे धडे पाच वर्षांच्याकडूनच का सुरू करायचे?

ही सगळी काही जर्मनीची अक्कल नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला, मुलांनी स्वतः करून शिकावं म्हणून, बालमंदिर काढलं, आपल्या ताराबाई मोडक तिथेच त्यांच्याबरोबर काम करून पुढे बोर्डी-कोसबाडला गेल्या. बडोद्यात तर युनिव्हर्सिटीची जुनी होम सायन्स फॅकल्टी (आता नाव फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस), तिची स्वतःची बालवाडी, आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. समोरच्या गुजराती काकी कधी शिकायला गेल्या नाहीत, पण भाचा चपलेशी झटत असला की गॅलरीतून ओरडतात, "एने जाते करवा दो!" त्याला स्वतःला करू द्या. ते ऐकून आई मात्र आणखी घाईने खाली वाकते.

मी परत निघाले त्या आठवड्यात ट्यूशन आठवड्यातले दोन दिवस कमी झाली. वहिनीने केली, मी नाही. त्या दोन संध्याकाळी म्हणे भाचा मोरीत स्वतः हातपाय धुतो आणि मोरीबाहेरचंही सगळं धुऊन काढतो. परवा व्हिडिओ कॉलवर खुंटीही दिसली. तिच्यावर दादाच्या स्कूटरची किल्ली लटकत होती.