"हजारपट जास्त तयार होतात, मग ही मशीन कशाला?" : एका प्रतिक्रियेला उत्तर

बेल टू या जपानमधल्या प्रयोगावरच्या माझ्या लेखाखाली एक कमेंट आलीय. तिथं इलेक्ट्रॉन आणि पोझिट्रॉन धडकवून बी मेसॉन नावाचे, क्षणभर जगणारे कण तयार करतात; कमेंटमधलं एलएचसी म्हणजे जिनिव्हाजवळची प्रोटॉन धडकवणारी मशीन. नाव नाही, फोटो नाही. मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणाला वाटायला नको म्हणून अख्खी देतो: "एलएचसीत याच्या हजारपट बी मेसॉन तयार होतात, मग ही जुनाट मशीन कशाला हवी. भारताचा काय संबंध. निम्मे शब्द इंग्रजी, बाकी विकिपीडियावरून उतरवलेलं. सोलापुरात बसून क्वार्कवर बोलण्यापेक्षा चादरीवर लिहा, ते तरी जमेल."

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण ते वाचून मला खरंच राग आला आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. माझे वडील अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात लूम चालवायचे, रात्रपाळी करून सकाळी घरी आले की कानात तोच खडखडाट असायचा, आपण जोरात बोललो तरच ऐकू जायचं. त्या पगारावर मी कोल्हापूरला जाऊन एमएस्सी केली, तेव्हा सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. नंतर पीएचडी केली ती बेलच्या, म्हणजे बेल टूच्या आधीच्या प्रयोगाच्या डेटावर, जपानमधल्या त्सुकुबाला केईके या प्रयोगशाळेच्या कंट्रोल रूममध्ये रात्रीच्या शिफ्टा केल्यात मी. त्यामुळं चादर हा शब्द कुणाला खाली दाखवायला वापरायचा असेल तर निदान माझ्यासमोर तरी वापरू नका. मुद्दा चुकला म्हणा, आकडा चुकला म्हणा, मी ऐकून घेईन. पण माणूस कुठल्या गावचा यावरून त्यानं काय बोलावं हे ठरवणारे तुम्ही कोण?

आता तुमचा हजारपटवाला मुद्दा. एलएचसीत बी जास्त तयार होतात हे एकदम मान्य. उलट तुम्ही कमीच सांगितलंय. क्रॉस सेक्शन (टक्करीत ते कण तयार होण्याची शक्यता, नॅनोबार्नमध्ये मोजतात) बघितलं तर बेल टूच्या टक्करीत बी मेसॉनच्या जोडीसाठी ते 1.1 नॅनोबार्न आहे आणि एलएचसीत 13 टीईव्ही एवढ्या एनर्जीला ते लाखपटीच्याही वर जातं. शिवाय बी-एस मेसॉन, लॅम्डा-बी या बीच्या जातभाईंचं काम, किंवा ज्या डिकेमध्ये (कण फुटण्यात) सगळे चार्ज्ड कण बाहेर पडतात तिथं एलएचसीवरचा एलएचसीबी प्रयोग पुढं आहे, हे कुणीही प्रामाणिक माणूस सांगेल. पण किती तयार झाले एवढंच मोजून तुम्ही थांबलात, आणि माझा अख्खा लेख होता तो त्याच्या पुढचा.

सुपरकेईकेबीत, म्हणजे बेल टूच्या मशीनमध्ये, इलेक्ट्रॉन असतात 7 जीईव्हीचे (जीईव्ही हे एनर्जीचं माप) आणि पोझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे उलट चार्जचे जोडीदार, 4 जीईव्हीचे. समोरासमोर धडकले की कामाची एनर्जी म्हणजे चार गुणिले सात गुणिले चार याचं वर्गमूळ, 112 चं वर्गमूळ, 10.58 जीईव्ही. जुन्या बेलला 8 आणि 3.5 होते, गुणाकार तोच 28, म्हणून उत्तर पण तेच. हा आकडा मुद्दाम धरलेला आहे, कारण बरोबर तिथं अपसायलॉन फोर एस नावाचा कण बनतो आणि तो जवळजवळ प्रत्येक वेळी बी आणि अँटी-बी अशा जोडीतच फुटतो. एका बीचं वस्तुमान त्याच मापात 5.28, दोघांचं 10.56, उरले किती तर 0.02 च्या आसपास. सगळ्यात हलका हॅड्रॉन (क्वार्कपासून बनलेला कण) म्हणजे पायॉन, त्यालाच 0.14 लागतात, म्हणजे या दोन बींच्या सोबत एक पायॉनसुद्धा जन्माला येऊ शकत नाही. डिटेक्टरमध्ये जे काही दिसेल ते एकतर या बीचं नाहीतर त्या बीचं, तिसरं कुणी नाहीच!

प्रोटॉन-प्रोटॉन टक्करीत हे होत नाही. प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑनपैकी कोण धडकलं आणि प्रोटॉनच्या मोमेंटमचा किती वाटा घेऊन धडकलं हे त्या त्या टक्करीपुरतं आपल्याला माहीत नसतं, आणि वर बाकीच्या कणांचा गर्दा वेगळाच. वडिलांच्या कारखान्यात सूत तोलून आत जायचं आणि माल तोलून बाहेर यायचा, मधला फरक म्हणजे घट. आत किती गेलं हेच माहीत नसेल तर घट काढणार कशी?

आणि ही घट म्हणजेच आमचं काम. न्यूट्रिनो डिटेक्टरमध्ये काही खूण न सोडता निघून जातो. मग करायचं काय, तर जोडीतला एक बी पूर्ण जुळवायचा, त्याचा प्रत्येक कायॉन, पायॉन, फोटॉन हिशेबात धरून. याला टॅगिंग म्हणतात. फार थोड्या घटनांत ते जमतं, हॅड्रॉनिक टॅगिंगमध्ये तर शेकडा एक पण हाती लागत नाहीत. पण जमलं की उरलेलं सगळं दुसऱ्या बीचं, आणि एनर्जी-मोमेंटममध्ये जे कमी पडतं ते न दिसलेल्या कणाचं. बी फुटून टाऊ (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि न्यूट्रिनो होतात, त्या डिकेचा पहिला पुरावा 2006 मध्ये बेलनं असाच दिला. माझं पीएचडीचं काम याच जातीच्या डिकेवर होतं, बॅकग्राउंडचा एकेक तुकडा कुठून येतो हे शोधत रात्री गेल्यात, त्यामुळं "कशाला हवी" हे मला कुणी सहज विचारलं की मी सहज सोडत नाही.

2023 मध्ये बेल टूनं बी प्लस ते के प्लस (चार्ज्ड कायॉन) आणि दोन न्यूट्रिनो या डिकेचा पहिला पुरावा जाहीर केला, 3.5 सिग्मा (निकाल निव्वळ योगायोगापासून किती दूर याचं माप). मोजलेलं प्रमाण स्टँडर्ड मॉडेलच्या, म्हणजे कणभौतिकीच्या मान्य सिद्धांताच्या अपेक्षेपेक्षा जास्त आलंय, 2.7 सिग्माचा फरक आहे. हा शोध नाही, असं मी लेखातही म्हटलं होतं, डेटा वाढल्यावर हा फरक विरूनही जाईल. पण या डिकेत डिटेक्टरला दिसणारा असा एकच कण असतो, तो कायॉन! बाकीचे दोघं गायब. असली मोजणी प्रोटॉनच्या गर्दीत करून दाखवा म्हणावं.

"जुनाट" म्हणालात त्यावर एवढंच, की सुपरकेईकेबीत पहिली टक्कर झाली एप्रिल 2018 मध्ये आणि एलएचसी चालू झालं त्याच्या कितीतरी आधी. कल्पना जुनी म्हणत असाल तर हो, जुनी आहे, आणि त्याच कल्पनेवर केईकेबी या मशीनवरचा बेल आणि अमेरिकेतला बाबर हे दोन प्रयोग उभे राहिले. दोन बीमची एनर्जी मुद्दाम वेगळी ठेवायची म्हणजे बी एका बाजूला थोडा सरकतो, दीड पिकोसेकंदच जगतो पण मिलिमीटरच्या काही भागाएवढं अंतर मिळतं, आणि त्यावरून कोण आधी फुटला हे कळतं. 2001 मध्ये दोन्ही प्रयोगांनी बीमधलं सीपी व्हायोलेशन (मॅटर आणि अँटीमॅटरच्या वागण्यातला फरक) दाखवलं ते यावरच. कोबायाशी आणि मास्कावा या जपानी शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये कागदावर मांडलेलं तेव्हा पक्कं झालं, 2008 चं नोबेल त्यांना मिळालं.

भारताचा संबंध विचारलात. बेल टूच्या सिलिकॉन व्हर्टेक्स डिटेक्टरचा (कण कुठं फुटला हे टिपणाऱ्या भागाचा) चौथा थर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या लोकांनी बांधलाय. आयआयटी मद्रास, गुवाहाटी, हैदराबाद, पंजाब विद्यापीठ, असे बरेच जण त्यात आहेत. एका सर्चचं काम होतं हे.

इंग्रजी शब्दांबद्दल: आमच्या कॉलेजातली पोरं क्वार्कला क्वार्कच म्हणतात आणि मी त्यांच्यासाठी लिहितो. विकिपीडियाबद्दल: कुठलं वाक्य उतरवलंय ते दाखवा, नाहीतर आरोप मागं घ्या.

आणि एलएचसीबीनं बी प्लस ते के प्लस आणि दोन न्यूट्रिनो हे प्रमाण मोजलेलं असेल तर लिंक टाका. मी वाचीन आणि त्यावर लिहीन पण.