खुलासा : सर्पदंशावरील उपचारासाठी कोरोना चाचणीची अट नाही

‘कोरोनाचा अहवाल हाती असल्याशिवाय साप चावलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात घेत नाहीत, तेव्हा मांत्रिकाकडेच न्यावे’, हा कोरोनाकाळात फिरलेला संदेश चुकीचा आणि जिवावर बेतणारा आहे. तातडीच्या उपचारांसाठी चाचणीची अट घालू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच राज्यांना कळवले होते आणि टाळेबंदीतही रुग्णवाहतुकीला मुभा होती. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष दिले जाते. त्यामुळे साप शोधून मारण्यात वेळ दवडू नये. मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही, झोपेतून उठल्यावर पोटात दुखते आणि पापण्या जड होऊन मिटू लागतात. अशा वेळी जखम न कापता, दोरीने न आवळता, लगेच १०८ क्रमांकावर कळवावे.