हेमेटाइटचं ब्रेसलेट हौसेनं घाला, हिमोग्लोबिनसाठी नको

इंदुरातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. शीर्षक 'रक्त वाढवणारा दगड', खाली काळ्या चकचकीत मण्यांच्या ब्रेसलेटचा फोटो आणि मग दाव्यांची माळ. हेमेटाइटमधलं लोह त्वचेतून रक्तात उतरतं, गोळ्या न घेता हिमोग्लोबिन वाढतं. त्यातलं चुंबकत्व रक्त खेळवतं आणि सांधेदुखी घालवतं. चुंबकाला चिकटला तरच दगड खरा. अमावस्येला मिठाच्या पाण्यात ठेवा, पाणी तांबूस झालं की रोग बाहेर पडला. हा दगड शास्त्रात सांगितलेला आहे. आणि ब्रेसलेट तुटलं तर तुमच्यावरची नजर त्यानं स्वतःवर घेतली.

मी हौसेनं माळा ओवते आणि हेमेटाइट मला मनापासून आवडतो. एवढ्या कमी पैशांत पोलादासारखी चकाकी देणारा दुसरा खडा नाही. त्यामुळे माझं भांडण दगडाशी नाही, या संदेशाशी आहे.

'लोह त्वचेतून रक्तात उतरतं'

हेमेटाइट म्हणजे लोहाचं ऑक्साइड, आणि त्यात वजनानं सुमारे 70 टक्के लोह असतं. इथवर संदेश बरोबर आहे. हिशेब करून पाहा: 30 ग्रॅमच्या ब्रेसलेटमध्ये झालं 21 ग्रॅम लोह. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून 3 ते 4 ग्रॅम असतं आणि अन्नातून रोज शरीरात मुरतं ते जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम. दगडातलं लोह खरंच त्वचेतून आत जात असतं, तर ब्रेसलेट घालणाऱ्यांना लोह जास्त झालं म्हणून दवाखाना गाठावा लागला असता. तसं होत नाही, कारण हे ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, घामातही नाही. जे विरघळतच नाही, ते त्वचा ओलांडणार कसं?

आणि हा दगड आपल्याला नवा नाही. तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूचा लाल रंग हेमेटाइटचाच आहे. तोच दगड अखंड, पॉलिश केलेला असला की काळा-रुपेरी दिसतो, कुटला की लाल होतो. भीमबेटकाच्या गुहांमधली लाल चित्रंही याच खनिजाच्या रंगानं काढलेली आहेत. पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे हात गेरूनं माखत आले, तेवढ्यानं कोणाचं हिमोग्लोबिन वाढलं नाही. काही बायकांना, विशेषतः गरोदरपणी, गेरू किंवा माती खावीशी वाटते. घरात ते डोहाळे म्हणून कौतुकानं सांगितलं जातं, पण अशी इच्छा हे पुष्कळदा लोह कमी असल्याचंच लक्षण असतं. खाल्लेल्या गेरूतलंही लोह शरीराला जवळजवळ मिळत नाही. पोटात गेलेल्याची ही गत, तर मनगटावरच्या मण्याची काय कथा!

या दाव्यातले 'गोळ्या न घेता' हे तीन शब्द मला सगळ्यात जास्त खटकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्क्यांना रक्तक्षय आढळला. म्हणजे ज्या ग्रुपवर हा संदेश येतो, तिथल्या कितीतरी मावश्या, वहिन्या आणि सुना यात असणार. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, गरोदर असेल तर 11 च्या खाली. गरोदरपणी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी 180 दिवस रोज घ्यायची असते. त्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, तेही शरीराला घेता येईल अशा रूपात, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. गोळीनं मळमळतं, शौच काळं होतं, म्हणून बायका ती डब्यात ठेवून देतात. अशा बाईला 'दगड घाल, गोळी नको' असं सांगणं निरुपद्रवी नाही.

शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. शाकाहारी घरांत बी-12 कमी पडतं. कोणाला थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असतो. झाबुआ-अलीराजपूरकडच्या आदिवासी भागात सिकलसेल हा दुसरा आनुवंशिक रक्तविकार आहे. यातला कुठला प्रकार आहे हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. लोहासाठी घरात काही करायचंच असेल तर सकाळच्या पोह्यांवर लिंबू जरा सढळ हातानं पिळा, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींमधलं लोह जास्त मुरतं. आणि त्यावरचा चहा तासभर पुढे ढकला, तो हे मुरणं अडवतो. (पोह्यांनंतर तासभर चहा नाही! इंदुरात हे सांगणं दगडापेक्षा जड जाणार, हे मला माहीत आहे.)

'चुंबकत्व रक्त खेळवतं'

रक्तात लोह आहे म्हणून चुंबक त्याला खेचेल, हे ऐकायला पटतं, पण हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं नसतं. त्याचा एकेक अणू मोठ्या रेणूत सुटा बांधलेला असतो. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी 1936 मध्येच दाखवलं की ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सरतं आणि ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं. दोन्ही परिणाम अतिशय क्षीण. एमआरआयच्या यंत्रात 1.5 किंवा 3 टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचं माप) एवढं जबर चुंबक असतं आणि त्यात झोपलेल्या माणसाचं रक्त एका बाजूला गोळा होत नाही. मनगटावरचा मणी त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

सांधेदुखीवर तर रीतसर चाचणी झालेली आहे. ब्रिटनमध्ये स्ट्युअर्ट रिचमंड आणि सहकाऱ्यांनी संधिवाताच्या 70 रुग्णांना चुंबकीय पट्टे आणि तांब्याची कडी आळीपाळीनं घालायला दिली, सोबत तशीच दिसणारी खोटीही. 2013 मध्ये निष्कर्ष छापून आले: वेदना, सूज, आजाराचा जोर, कशातही खोट्या पट्ट्यापेक्षा अर्थपूर्ण फरक नाही.

चुंबकीय मण्यांचे धोके मात्र खरे आहेत. छातीत पेसमेकर असेल तर असे दागिने त्यापासून निदान वीतभर लांब ठेवावेत. आणि लहान मुलानं दोन मणी गिळले, तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वळणांतून एकमेकांना चिकटतात आणि मधल्या भिंतीला भोक पडू शकतं. असं झाल्याची शंका जरी आली तरी थेट हॉस्पिटल, केळं खाऊ घालून वाट बघायची नाही.

'चुंबकाला चिकटला तरच खरा'

हा दावा नेमका उलटा आहे. खऱ्या हेमेटाइटचं चुंबकत्व इतकं क्षीण असतं की फ्रिजवरच्या चुंबकाला ते जाणवत नाही. मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहाचं दुसरं खनिज) मिसळलेला असेल तर फार तर हलकी ओढ लागते. जे मणी एकमेकांना टचकन चिकटतात आणि 'मॅग्नेटिक हेमेटाइट' म्हणून विकले जातात, ते बहुतेक फेराइट असतं: लोहाच्या ऑक्साइडमध्ये बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम घालून, दाबून आणि भाजून कारखान्यात बनवलेलं. स्पीकरच्या मागे काळी चकती असते ना, तोच पदार्थ. दिसायला वाईट नाही, घालायलाही हरकत नाही, पण तो खाणीतून आलेला नाही आणि त्याला दगडाचा भाव देऊ नये.

मग ओळखायचा कसा? आधी चुंबक लावा. जोरात ओढला गेला तर विषय संपला. मग सराफ सोन्याला कस लावतो तसा याचाही कस बघा. लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीच्या तळाला जी खरखरीत, न चकाकणारी कड असते, तिच्यावर मणी घासा. हेमेटाइटची रेघ गेरूसारखी लाल-तपकिरी उमटते, मॅग्नेटाइटची काळी. फेराइटची रेघही कधीकधी तपकिरी येते, म्हणूनच चुंबक आधी. दुकानदार घासू देणार नाही, तेव्हा निदान हातात घेऊन तोला: हेमेटाइट तेवढ्याच काचेच्या साधारण दुप्पट जड असतो. वजनावरून काच पकडता येते, फेराइट नाही, कारण तोही जवळपास तितकाच जड. इंद्रधनुषी, सोनेरी, गुलाबी 'हेमेटाइट' दिसला तर तो रंग वरच्या मुलाम्याचा आहे. तो कडांवरून आधी झिजतो.

'मिठाच्या पाण्यात रोग उतरतो'

पाणी तांबूस होतं, मान्य. पण हेमेटाइट मुळातच ऑक्साइड असल्यानं तो आणखी काय गंजणार? गंजतात त्या मण्यांमधल्या स्वस्त धातूच्या टोप्या आणि हुक, आणि मिठानं ते काम झपाट्यानं होतं. म्हणजे अमावस्येला तुम्ही दागिना खराब करताय. मऊ कोरड्या कापडानं पुसणं पुरतं. मोत्यांबरोबर एका डबीत ठेवू नका, मोती त्याच्यापेक्षा मऊ असतात आणि ओरखडतात.

'शास्त्रात सांगितलेला'

नवरत्नं म्हणजे माणिक, मोती, पोवळं, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या. यात हेमेटाइट नाही. ज्यांची ग्रहांवर श्रद्धा आहे त्यांनी ती ठेवावी, पण निदान शास्त्राच्या नावावर दगड खपवू नये.

'तुटलं म्हणजे नजर घेतली'

हा दावा विक्रेत्याच्या सोयीचा आहे. माल टिकला नाही तर तक्रार नाही, उलट आभार, आणि वर नवीन खरेदी. कारण मात्र साधं आहे. मणी जड, दोरा इलास्टिकचा, आणि रोज हातातून काढताना-घालताना तो ताणला जातो. घामानं तो आणखी कुजतो. त्यात यंत्रानं पाडलेल्या छिद्राच्या कडा धारदार राहिल्या असतील तर त्या दोरा कापत जातात. मणीच फुटला असेल तर हेमेटाइट ठिसूळ आहे हे लक्षात घ्या. फरशीवर पडला, ओट्याच्या कडेवर आपटला की टवका उडतो.

माझं तुटलेलं ब्रेसलेट मी आधी दोऱ्याच्या टोकावरून बघते. टोक स्वच्छ कापल्यासारखं असेल तर छिद्राची धार, झिजून पिंजल्यासारखं असेल तर दोरा जुना. पहिल्या प्रकारात त्या मण्याचं छिद्र बारीक कानशीनं घासून घ्यायचं, दुसऱ्यात दोरा बदलायचा. आठ मिलिमीटरपेक्षा मोठे मणी असतील तर इलास्टिकच्या नादी न लागता नायलॉनचं आवरण असलेली बारीक स्टीलची तार आणि हुक वापरायचा, किंवा पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यायचं.