आनंद करा म्हणणारा पौल स्वतः रडत होता

सलाम सगळ्यांना. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज शाळेला सुट्टी आहे आणि हे झोपलेत म्हणून लिहून टाकते. मोठं होणार आहे, सवडीने वाचा.

माझ्या मिस्टरांच्या किडन्या निकामी झाल्यात, त्यांचं डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त साफ करणं, सुरू होऊन या महिन्यात तीन वर्षं झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, सहाला मशीनवर घेतात, चार तास. ज्यांच्या घरात हे नाही त्यांना वाटतं चार तासांचंच तर काम आहे, पण ते चार तास त्यामानाने सोपे जातात हो, अवघड जातात ते मधले दिवस. दिवसाला सगळं मिळून एक लिटर पाणी, त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचं पाणी पण त्यातच. नगरचा मे महिना आणि एक लिटर पाणी, विचार करा. पोटॅशियम वाढतं म्हणून नारळपाणी बंद, संत्रं मोसंबी बंद, बटाटा चिरून उकळायचा ते पाणी ओतून द्यायचं आणि परत उकळायचा. मशीनचा खर्च सरकारच्या महात्मा फुले योजनेतून होतो, देवाचे उपकार, पण रिक्षा आहे, वरची औषधं आहेत, आणि ह्यांचं फॅब्रिकेशनचं शॉप पहिल्या वर्षातच बंद करावं लागलं, वेल्डिंगच्या उष्णतेत उभं राहणं शक्यच नव्हतं.

डाव्या हाताला मनगटाच्या वर फिस्टुला केलाय, म्हणजे ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्यात. त्यावर बोटं ठेवली की आत थरथर लागते, मांडीवर मांजर घुरघुरत बसलं की लागते ना, तशीच. ती चालू आहे तोवर ठीक, ती थांबली तर लगेच दवाखाना गाठायचा. रोज उठल्यावर आधी मी तिथे तीन बोटं ठेवते. पूर्वी मी गुडघे टेकून अर्धा अर्धा तास प्रार्थना करायचे, यादी असायची माझी, आता पहाटे पावणेपाचला अंधारात ती बोटं ठेवायची, थरथर लागली की प्रभू तुझे उपकार, एवढीच माझी प्रार्थना, पण एवढ्या मनापासून मी आधी कधी केली नव्हती.

आता जे सांगायचं ते. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, दुःखात असलेल्या माणसाला रडायला जागा ठेवत नाही आपण. पहिल्या सहा महिन्यांत जो भेटेल तो म्हणायचा, ताई विश्वासात खंबीर रहा, प्रभूमध्ये आनंद करा, साक्ष द्या, म्हणजे प्रभूने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगा. उपासनेनंतर दारात उभं राहून मी हसून हो हो म्हणायचे आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडायचे, म्हणजे मुलीला ऐकू जाऊ नये. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे, विश्वास असता तर आनंद झाला असता. हे सगळे माझ्या प्रेमाचेच लोक आहेत, कुणी वाईट हेतूने बोललं नाही, पण लागायचं ते लागायचंच.

आणि एकाचं तर मी अजून मनातून काढू शकले नाहीये. बाहेरून आलेले एक प्रचारक, नाव घेणार नाही, आरोग्यदानाच्या, म्हणजे आजारी माणसं बरी व्हावीत म्हणून प्रार्थनेच्या सभेत ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, विश्वास आहे तर मशीन कशाला. ह्यांनी शुक्रवारचं डायलिसिस चुकवलं. मी नको म्हणाले पण जोर धरला नाही, कारण मलाही वाटलं होतं, काय सांगावं, खरंच झालं तर. रविवारी रात्री अडीचला श्वास लागला, आडवं होता येईना, छातीत पाणी भरलेलं, रात्रीतच मशीनवर घ्यावं लागलं. वाचले. प्रभू बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आजही मागते मी. पण ते मशीन, ती सुई टोचणारी सिस्टर, ते पण त्याच्याच हातातलं आहे असं मी आता धरून चालते. कुणीही, कितीही मोठा सेवक असो, औषध बंद कर म्हणाला तर ऐकू नका. हात जोडून सांगते.

त्या रात्रीनंतर वॉर्डच्या बाहेर बाकावर बसून मी बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र वाचलं, प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेलं, कारण आनंद करा आनंद करा सगळे तिथूनच तर सांगत होते. चारच अध्याय आहेत, पौल कैदेत आहे, सुटतो की मरतो हे त्यालाही माहीत नाही. लहानपणी संडेस्कूलमध्ये पाठ केलेलं, पण त्या दिवशी भलतंच काहीतरी दिसलं. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत आहे, फिलिप्पैच्या मंडळीने पौलाकडे मदत देऊन पाठवलेला माणूस, तो आजारी पडून मरायला टेकला होता. तो बरा झाला तेव्हा पौल काय लिहितो, तर देवाने माझ्यावर पण दया केली, मला दुःखावर दुःख होऊ दिलं नाही. म्हणजे आधीचं एक दुःख तर होतंच की! आणि तिसऱ्या अध्यायात काही लोकांविषयी तो म्हणतो की हे तुम्हाला रडत रडत सांगतोय. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा हे त्यानंतरच्या अध्यायात येतं. ज्याच्या गालावरचं पाणी वाळलेलं नाही तो माणूस आनंद करा म्हणतोय, आणि आपण त्याचं वाक्य घेऊन लोकांचं रडणं बंद करायला वापरतो. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत किती स्तोत्रं तक्रारीची आहेत, किती वेळ प्रभू, तोंड का लपवलंस, अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी कुठे स्तुती नाही काही नाही. तेही पवित्र शास्त्रच आहे ना.

अजून एक, ते पत्र मुळात मदत पोहोचल्याबद्दलचं आहे. शेवटी तो म्हणतोच, माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. तो आनंद कैदेत हवेतून आला नव्हता, कुणीतरी लांबून तंगडतोड करत काहीतरी घेऊन आलं होतं. आमच्याकडे महिला मंडळातल्या एक मावशी दर बुधवारी यायच्या, अजून येतात. एक वचन सांगितलं नाही त्यांनी कधी. यायच्या, पदर खोचायच्या, भाजी निवडून चिरून ठेवायच्या, भाकरी थापायच्या आणि निघायच्या. एकदा मी त्यांच्यासमोर रडायला लागले तर त्या पण रडल्या, आणि मग पिठाच्या हातानेच माझं तोंड पुसलं. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी माझ्या आत काहीतरी हललं. त्याला मी आनंद म्हणते. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

पंडिता रमाबाईंचा तर मी खूपच विचार करते. नगरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं (आमचं नगरचं केडगाव नव्हे), तिथे त्यांचं मुक्ती मिशन, निराधार बायकामुलींचा आश्रम. दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेले, 1880 ला भाऊ गेला, 1882 ला कॉलऱ्याने नवरा, पदरात तान्ही मनोरमा. 1883 ला बाप्तिस्मा. आपल्याला साक्ष इथे संपलेली आवडते, दुःख संपलं प्रभू भेटला. पण 1921 ला ती मनोरमा पण गेली, चाळिशीत, जिच्या हातात सगळं काम द्यायचं होतं ती. आणि त्या बाई हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत होत्या, साध्या बायकांना कळेल असं, ते काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांत त्या रोज हसत असतील असं मला अजिबात वाटत नाही. पण टेबलाशी बसत होत्या.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण झाला. उपासना झाल्यावर लिलाव, बाजरी, भोपळे, कोंबड्या, नेहमीचं. हे आदल्या दिवशीच मशीनवरून आलेले, शनिवारी घेतलं होतं सुट्टीमुळे, तरी यायचंच म्हणाले. मागच्या बाकावर बसले होते आणि संत्र्यांची टोपली आली तशी ह्यांनी हात वर केला. मी बघतच राहिले, अहो संत्री काय करायची आपल्याला. दोनशे, दोनशे वीस, अडीचशे, सोडेचनात. घेतली. मग टोपली मांडीवर घेऊन दारात खुर्ची टाकून बसले आणि संडेस्कूलच्या एकेका पोराला बोलावून संत्रं सोलून द्यायला लागले, स्वतः एक फोड नाही तोंडात. पोरं चिकट हातांनी परत परत रांगेत. रिक्षात बसल्यावर मी त्यांचा हात धरला तर बोटांना सालीचा वास येत होता आणि मनगटाच्या वर थरथर चालू होती.