श्रीखंडाचा डबा

अप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, सहस्रचंद्रदर्शनाला पंधरा मिनिटांची फिल्म दाखवायची असं ठाण्यात नौपाड्याच्या घरी ठरलं. ती मी करायची हे घोडबंदर रोडला आमच्या घरी फोन करून कळवण्यात आलं. "तुम्ही कॉम्प्युटरमध्येच आहात ना!" असं मेहुणा म्हणाला. मी एका कंपनीत पगारपत्रकं करतो. पण सासुरवाडीत नाही म्हणायची सवय मला पहिल्या दिवाळसणालाच लागायला हवी होती, आणि ती लागली नाही.

सगळ्यांनी आपापले व्हिडिओ पाठवावेत असं मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. साधा पाठवला की व्हिडिओ वाटेत आक्रसतो, म्हणून 'कृपया डॉक्युमेंट म्हणून पाठवा' अशी तळटीपही जोडली. दहा मिनिटांत मामींचं आधारकार्ड आलं. पाठोपाठ विचारणा, "पॅनपण लागेल का?"

चार दिवसांत ४१ फायली जमल्या. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मेहुण्याचंच, पूर्वी कधीतरी हौसेनं घेतलेलं आणि तेव्हापासून अपडेट न केलेलं. फायली त्यात ओढल्या आणि तमाशा सुरू झाला. ऐरोलीच्या भाच्याची क्लिप उघडली, तर आवाज खणखणीत आणि पडदा काळाकुट्ट. शुभेच्छा आकाशवाणीवरून आल्यासारख्या. मेहुण्याच्या मुंजीची कॅसेट कुणीतरी मागे एव्हीआय करून ठेवली होती, ती उघडली तर अख्खी मुंज उलटी. बटू छताला लटकून मातृभोजन करतोय आणि वरून खाली तूप वाढण्याऐवजी खालून वर चाललंय.

"पण माझ्याकडे व्हीएलसीत तर चालतंय," भाचा म्हणाला. हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या जणांकडून ऐकलं की माझ्या रक्तदाबाचा आलेख काढला असता तर प्रत्येक टोकावर हेच लिहिलेलं सापडलं असतं. व्हीएलसी हा व्हिडिओ बघायचा प्रोग्रॅम आपले डिकोडर, म्हणजे दाबून भरलेला व्हिडिओ उलगडणारे कारागीर, स्वतःच्या पिशवीत घेऊन हिंडतो, त्यामुळे त्याचं कुठेच अडत नाही. मेहुण्याच्या सॉफ्टवेअरला तो शिधा विंडोजकडे मागावा लागतो.

इथे जरा डब्याबद्दल बोलायला हवं. आपल्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे असतात. बाहेर लिहिलेलं असतं 'केशर वेलची', आत इडलीचं पीठ असतं, नाहीतर कालची उसळ. एमपी४, एमओव्ही, एव्हीआय हे सगळे असे डबे. आत माल कुठल्या पद्धतीनं दाबून भरलाय ते कोडेक ठरवतो, आणि डब्यावरून ते कळत नाही. दोन एमपी४ शेजारी ठेवा, एकात २००३ सालचा एच.२६४ असतो, दुसऱ्यात २०१३ सालचा एचईव्हीसी. दुसरा साधारण निम्म्या जागेत तेवढंच चित्र बसवतो, म्हणून नवे फोन तो वापरतात. मेहुण्याच्या सॉफ्टवेअरला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं. तेव्हा मी अडाण्याचा उत्साह दाखवला, इंटरनेटवरून एक कोडेक पॅक, म्हणजे डिकोडरांचा गठ्ठा, उतरवला. फरक पडला नाही म्हणून दुसरा उतरवला. म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन आचारी आणून उभे केले. विंडोजच्या जुन्या व्यवस्थेत प्रत्येक डिकोडरला 'मेरिट' नावाचा आकडा असतो. फाइल आली की ज्याचं मेरिट जास्त तो पुढे धावतो, मग त्याला ते काम धड येवो न येवो. (आमच्या ऑफिसात हीच पद्धत आहे, फक्त आकडा छापत नाहीत.) दोन्ही पॅकचे डिकोडर एकमेकांना ढकलायला लागले. मुंज उलटी होतीच, आता ती हिरवीही झाली. आणि आधी नीट चालणारी अप्पांच्या निवृत्तीची क्लिप सॉफ्टवेअरसकट गडप व्हायला लागली.

गोखले रोडवरच्या एका दुकानात लॅपटॉप घेऊन गेलो. मुलानं तो उघडायच्या आतच विचारलं, "फॉरमॅट मारू?" मी लॅपटॉप छातीशी धरून मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर येऊन बसलो. भेळ खाल्ल्यावर डोकं चालायला लागलं.

घरी येऊन दोन्ही पॅक काढून टाकले, मशीन रीस्टार्ट केलं. मग मीडियाइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं एकेक डबा उघडून आत काय आहे ते वहीत लिहून काढलं. खरं रडगाणं तिथे समजलं. बऱ्याच फायलींपुढे 'व्हेरिएबल फ्रेम रेट' लिहिलेलं होतं. फोन सेकंदाला ३० चित्रं म्हणतो, पण उजेड कमी झाला की गुपचूप कमी काढतो. सॉफ्टवेअर मात्र ३० चाच हिशेब धरून बसतं. म्हणूनच डोंबिवलीच्या आत्यांचं भाषण सुरुवातीला ठीक होतं आणि आठव्या मिनिटाला आवाज चित्राच्या चार सेकंद मागे पडला होता. शेवटच्या उखाण्यात आत्या आधीच लाजल्या, लोकांचे हातही टाळ्या वाजवून थांबले आणि मग यजमानांचं नाव ऐकू आलं.

उपाय कंटाळवाणा होता. हँडब्रेक नावाचं व्हिडिओचा प्रकार बदलणारं सॉफ्टवेअर उघडायचं आणि सगळ्या ४१ फायली एकाच साच्यात ओतायच्या: एच.२६४, सेकंदाला २५ चित्रं, फ्रेम रेट कॉन्स्टंट. रात्री अकराला रांग लावली. लॅपटॉपचा पंखा असा काही फिरायला लागला की बायकोनं झोपेत विचारलं, "मिक्सर कुणी लावलाय?" सकाळी सगळ्या फायली टाइमलाइनवर मुकाट बसल्या. मुंज सरळ झाली. तूप खाली पडायला लागलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये फिल्म सुरू झाली आणि तिसऱ्या मिनिटाला माझ्या पोटात गोळा आला. कोडेक पॅकच्या दिवसांत तपासायला म्हणून काढलेला तीन सेकंदांचा एक तुकडा टाइमलाइनवर तसाच राहिला होता. पडद्यावर मेहुणा, हिरवा आणि उलटा, भाताचा घास घेत होता.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मेहुणा धावत आला, "जिजाजी, हा इफेक्ट कुठला हो?" अप्पा खुर्चीतून म्हणाले, "पुन्हा लावा तेवढंच."

पुढच्या महिन्यात मामांची पंचाहत्तरी आहे. मामींनी जेवणाच्या पंगतीतच सांगून टाकलं, "तो हिरवा इफेक्ट आम्हालाही हवा हं जावईबापू. आधारकार्ड तुमच्याकडे आहेच."