पायरेट्सवर जीव लावायचाय? आधी हे वाचा

तर तुम्ही ठरवलंय की 2026 ला पिट्सबर्ग पायरेट्स ही अमेरिकेतली बेसबॉल टीम जिंकणार. छान. आता कॅलेंडर काढा आणि एप्रिलवर गोल करा, कारण जी काय आशा करायची ती त्या महिन्यातच उरकून घ्यायची असते. सीझन 162 मॅचचा, तेवढं उसनं अवसान कोणाकडेच नसतं. गेल्या वर्षी पहिल्या 38 मधल्या 12 जिंकल्या, मे महिन्यातच मॅनेजर शेल्टन घरी गेला आणि शेवटी हिशोब निघाला 71 जिंकल्या, 91 हरल्या.

कुठल्याही आजोबांसमोर 1979 चा विषय काढू नका, तीन तास जातील. वर्ल्ड सीरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, शेवटची तेव्हा जिंकलेली, त्यामुळे गावाकडच्या विकलेल्या वाड्याबद्दल बोलतात तसं बोलतात बिचारे. मधे 1993 ते 2012 सलग 20 सीझन जिंकल्या कमी आणि हरल्या जास्त, म्हणजे 93 ला जन्मलेलं पोर मतदान करायला लागलं तरी आपलं तेच.

पण आपल्याकडे पॉल स्कीन्ससारखा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आहे ना! आहे की. 2025 ला नऊ इनिंगमागे दोन रनसुद्धा दिले नाहीत पठ्ठ्याने (1.97), सर्वोत्तम पिचरचा साय यंग अवॉर्ड घेतला, आणि (बेसबॉलमध्ये मॅचचा निकाल पिचरच्या नावावर लागतो) त्याच्या नावावर किती विजय? 10. पराभव? तेही 10. एवढा भारी पिचर असून हे कसं जमवलं म्हणाल तर सोपंय, होमरन, म्हणजे आपला सिक्सर समजा, मारण्यात आपण अख्ख्या लीगमध्ये शेवटून पहिले. तर त्याची जर्सी जरूर घ्या, फक्त बिल जपून ठेवा, 2029 चा सीझन संपला की तो दुसऱ्या टीमकडे जायला मोकळा होतोय. पिचर गेरिट कोलचं आठवा, इथेच घडला, 2018 ला ह्यूस्टनला देऊन टाकला, पुढे न्यूयॉर्कच्या यांकीज टीमने त्याला 324 मिलियन डॉलर मोजले. कलम आपण लावायचं, पाणी आपण घालायचं, आंबे शेजारच्यांनी खायचे.

आणि हो, क्लबने फुकट काही देऊ केलं तर आधी विचार करा. स्कीन्सचं एक दुर्मिळ कार्ड (खेळाडूंची पोरं जमवतात ते) 11 वर्षांच्या पोराला मिळालं तेव्हा क्लबने त्याबदल्यात होम प्लेटमागची, म्हणजे बॅटरच्या पाठीमागची, सीझन तिकिटं देऊ केली, तब्बल 30 वर्षांची! बक्षीस होतं का शिक्षा, देव जाणे. पोरगं हुशार, कार्ड लिलावात गेलं आणि 11 लाख डॉलरच्या वर आले.

यंदा खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे. मालक बॉब नटिंगनी चक्क खिशात हात घातलाय, टॅम्पाच्या टीमकडून गेल्या वर्षी 31 होमरन मारणारा ब्रँडन लाउ आणलाय, रायन ओ'हर्न आणलाय. सवय नाही हो आम्हाला याची! वर्षानुवर्षं "टीम विका" म्हणून ओरडून घसा तयार केलेला, आता काय ओरडायचं? तुम्ही मात्र घोषणा विसरू नका, जूनपर्यंत लागेलच. जुलैपासून "पुढच्या वर्षी लवकर या."

तोवर स्टेडियमला नक्की जा. नदी, पलीकडे पायरेट्सचा जुना स्टार क्लेमेंटेच्या नावाचा पिवळा पूल, मागे उंच बिल्डिंगा, असा व्ह्यू बेसबॉलमध्ये दुसरीकडे नाही, फक्त स्कोअरबोर्डकडे पाठ करून बसायचं. मधेच पिरोगींची रेस असते, पिरोगी म्हणजे बटाटा भरलेली उकडलेली करंजी समजा, तिचे मोठ्ठाले पोशाख घालून माणसं पळतात. ती अजिबात चुकवू नका. तिथे रोज पिट्सबर्गचंच कोणीतरी जिंकतं.